सहा टोकं

इन्ह्यॉन-दोंगच्या गल्लीत छापणारे वेगळे, चकाकी चढवणारे वेगळे.
मधल्या दोनशे पावलांसाठी गुकची तीनचाकी:
मागे कागदाची चळत, पुढे गुकची शिवी.

आमचं दुकान चकाकीचं.
एक यंत्र, दोन माणसं, छताला तीन ट्यूब.
मालक प्यो ग्वांग-सिक, वय एकाहत्तर.
आमच्या भाषेत ग्वांग म्हणजे उजेड
आणि ग्वांग म्हणजेच चकाकी.
तुमच्या तर नावातच आहे, असं गिऱ्हाईक म्हणतं
आणि दर पाडून मागतं.

पहिल्या दिवशी त्यांनी शिकवलं ते एवढंच:
घाई करणाऱ्याला चहा पाज, वार्निश देऊ नकोस.
शाई वरून वाळते, आतून वाळत नाही.
रंगाला एक रात्र झोपू दे.
नाहीतर आज आरसा, उद्या राख;
खालची शाई वरचं पिऊन टाकते
गुपचूप, आपण कुलूप लावून गेल्यावर.

आणि ती पावडर.
पानाला पान चिकटू नये म्हणून छापणारे फवारतात,
आमच्याकडे ती खरखर होऊन येते.
तळहाताला कळत नाही. मनगट उलटं करून फिरवायचं,
जिथे आई बाळाचं दूध तपासते.

शेवटी परीक्षा.
पान छताखाली तिरपं धरायचं.
ट्यूब पानात उतरली पाहिजे, टोकांसकट.
टोकं मोजता आली तर पास.
कापूस दिसला तर पुन्हा.

नोव्हेंबरात मधमाश्यांवरचं पुस्तक आलं.
बाराशे मुखपृष्ठं, गडद निळी, कोपऱ्यात एकच माशी.
निळ्यावर सगळं दिसतं. बोट, श्वास, धुळीचा कण,
सकाळी कोण कोणाशी भांडलंय तेसुद्धा.
रात्रभर राहू दिली.
शाईत मेण नाही ना, विचारून घेतलं.
वार्निश कोमट केलं, पातळ नाही केलं.
पहिलं पान बाहेर आलं
आणि त्यात मला माझी भुवई दिसली, केस न् केस.

प्योंनी ते वर धरलं.
"कापूस."

दिव्याची आच वाढवली. कापूस.
रबरी रूळ बदलला. कापूस.
ऐंशी पानं रद्दीत गेली,
गुक दारात, इंजिन चालू,
आज त्याने शिवीसुद्धा दिली नाही.
मग मी पहिल्यांदाच
पानाकडे बघायचं सोडून त्यांच्याकडे बघितलं.
बाहुलीवर काहीतरी दुधाळ.
तिथे ट्यूब उतरत नव्हती.

दहा वर्षांनी लहान असते तर रडले असते.
म्हटलं, "सहा आहेत. मी मोजली."
ते गप्प.
यंत्राचा पंखा तेवढा घरघरत राहिला.
"सहा?"
"सहा."
"मग बांध."
आणि हात पुसत बसले, हात स्वच्छ असताना.

डॉक्टर म्हणाला, मोतीबिंदू.
मोत्याला चकाकी असते खरी,
पण बाहेरून बघणाऱ्यासाठी.

पट्टी सुटली त्या दुपारी घरी न जाता ते दुकानात आले.
चार वर्षांचे नमुने माळ्यावरून काढायला लावले.
मला वाटलं, खूश होतील.
"ही पावडर. ही संत्र्याची साल.
इथे तर ब्रशचा केस चिकटलाय,
आणि खाली सही माझी?"
एकेक पान उलथं ठेवत गेले,
जसे हरलेले पत्ते ठेवतात.

माशीचं मुखपृष्ठ सर्वांत शेवटी.
वर धरलं, तिरपं केलं.
ओठ हलत होते.

"पाच," म्हणाले.

माझ्या पोटात गोळा आला.

"पान ठीक आहे.
मधली ट्यूब एका टोकाला काळी पडलीय.
किती दिवस झाले?
चढ वर, बदल ती."